चारशे सातवं फूल

१

दर रविवारी सकाळी साडेसातला मी घराला कुलूप लावते, ते दोनदा ओढून बघते आणि पहिल्या बसनं रानाच्या फाटकापर्यंत जाते. पिशवीतल्या वस्तू ठरलेल्या. कॅमेरा, गुडघ्याएवढा स्टँड, सहा इंची पट्टी, पाण्याची बाटली, वही, पेन्सिल आणि पांढऱ्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्या दुकानातून येतात. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. तीस वर्षं होतील. काचा ज्या कागदी पाकिटांतून येतात त्यांची मागची बाजू कोरी असते. ती मी कापून ठेवते.

रानफुलांचे फोटो काढायला मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे पद्धत माझीच आहे. प्रत्येक फुलाचे तीन फोटो. पहिला चिठ्ठीसकट, तिच्यावर क्रमांक आणि तारीख. दुसरा पट्टीसकट, म्हणजे आकार कळतो. तिसरा नुसत्या फुलाचा. बटण दाबताना कॅमेरा हलतो म्हणून तिन्ही वेळा दहा सेकंदांचा टायमर. तो आठ सेकंद संथ टिकटिकतो, शेवटची दोन घाईघाईनं, मग खट्. एका रविवारी पाच फुलं, त्याहून जास्त नाही. फूल ओळखीचं असलं तरी भेट नवी, म्हणून क्रमांक नवा.

फुलांची खरी नावं मला येत नाहीत. मी माझी ठेवली आहेत. कानातलं, रुसकी, शाईचा थेंब. शाईचा थेंब एका आडव्या पडलेल्या झाडापुढं उगवतो आणि दर वेळी शेवटचा फोटो त्याचा असतो.

"आज कुणाकुणाला बसवणार फोटोला?" फाटकावरचा चौकीदार वहीत माझी वेळ लिहिता लिहिता विचारतो.

"जे हलणार नाहीत त्यांना."

"मग आमच्या साहेबांना घ्या की. खुर्चीतून हलतच नाहीत."

हे आमचं दर रविवारचं.

त्या रविवारी हसू आलं नाही. आदल्या मंगळवारी मी डॉक्टरांकडे जाऊन आले होते. उजव्या काखेत गाठ होती. डॉक्टर म्हणाले होते, "ही लवकर काढायला हवी. हाताची एक नस तिच्यातून गेली आहे. आम्ही जपू, पण बोटांत पूर्वीची ताकद राहीलच असं सांगत नाही. ठेवली तर मात्र जिवावर बेतेल."

मी विचार करून सांगते म्हणाले. ठमीला, म्हणजे माझ्या मुलीला, काही कळवलं नाही. तिचे बाबा अकरा वर्षांपूर्वी पोटाच्या एका साध्या ऑपरेशनला पायी चालत गेले होते. चपला माझ्याकडे देऊन म्हणाले, इथंच राहू देत, संध्याकाळी लागतील. त्या मी हातात घेऊन घरी आले.

२

फोटो मी दुपारी जेवण झाल्यावर बघते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, ठमीनं दिलेल्या लॅपटॉपवर. कॅमेराही तिनंच दिला, गेल्या वर्षी, नवा कोरा.

पाच फुलं म्हणजे पंधरा फोटो. कार्डावर सोळा होते.

सोळावा शाईच्या थेंबाचा होता. तेच निळं, तळाशी काळपट होत जाणारं फूल. त्याच्या मागे तेच आडवं झाड. फक्त झाड खचलेलं होतं. सकाळी मी ज्याच्यावर पिशवी ठेवली होती, त्या कमरेएवढ्या खोडाचा मऊ, शेवाळलेला ढिगारा झाला होता, जेमतेम वीतभर उंचीचा.

फुलापाशी चिठ्ठी होती. पांढरी, माझ्या चिठ्ठ्यांच्याच मापाची. तारखेवर गवताचं पातं आडवं आलं होतं. क्रमांक स्वच्छ दिसत होता. चारशे सात.

त्या दिवशीचा माझा शेवटचा क्रमांक एकशे त्रेसष्ट होता.

मी उठले. नळ नीट बंद केला, तो बंदच होता. परत येऊन बसले. फोटो तिथंच होता.

चुका शोधणं हा माझा धंदा आहे. गिऱ्हाईक म्हणतं काच खराब आहे, आणि दहातल्या नऊ वेळा तो बोटाचा ठसा असतो. मी कागद घेतला आणि शक्यता लिहिल्या. कार्ड दुसऱ्या कुणाचं? नाही, माझ्यासमोर पाकीट फोडलं होतं. कॅमेऱ्यात जुनं काही राहिलं? नाही, फोटोंचे अनुक्रमांक सलग होते. वेळ होती नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटं, माझ्या शेवटच्या फोटोनंतर चौदा सेकंदांनी. तेव्हा मी कॅमेऱ्याकडे पाठ करून वहीत नोंद करत होते.

आणि खट् असा आवाज झाला होता. मला आठवलं. मला वाटलं होतं, फांदी मोडली.

३

पुढच्या रविवारी मी शेवटचा फोटो झाल्यावर मुद्दाम तशीच पाठ करून उभी राहिले. वही उघडली. टायमर बंद होता, दोनदा पाहिलं होतं.

मागे टिकटिक सुरू झाली.

आठ संथ, दोन घाईच्या. खट्.

वळले तेव्हा कॅमेरा, फूल, झाड, सगळं जिथल्या तिथं. झाड भक्कम. मी त्याच्यावर थाप मारून पाहिली, एखाद्या म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.

घरी पाहिलं. क्रमांक तीनशे बावन्न. झाड या फोटोत अर्धवट खचलेलं, मधोमध पोकळ.

तिसऱ्या रविवारी दोनशे सहासष्ट. झाडाची साल गेलेली, पण आकार शाबूत.

तीन फोटो मी शेजारी शेजारी लावले आणि तेव्हा कुठे मला ती गोष्ट दिसली, जी पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती. मी आकडे मराठीत लिहिते. हे इंग्रजीत होते. सरळ, उभे, एका उंचीचे, पट्टी लावून काढल्यासारखे. चारशे सातमधल्या सातच्या पोटातून एक आडवी रेघ गेली होती.

मला मान वर करावी लागली नाही, तरी मी केली. ओट्याच्या वर भिंतीला फळ्यांचं एक रेखाटन चिकटवलेलं आहे. ठमीनं काढलेलं. ती घरांचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत काम करते, दुसऱ्या शहरात. रुंदी सत्तर, उंची सत्तेचाळीस. दोन्ही सातांना कमरपट्टा.

चिठ्ठ्या माझी मुलगी लिहीत होती. जिला फूल आणि कोबी यातला फरक फक्त भाजीत कळतो, ती.

चिठ्ठ्या ती लिहीत होती, म्हणजे मी लिहीत नव्हते.

४

"किती वर्षं लागतील हो, ते आतलं पडकं झाड पार बसायला?" मी चौकीदाराला विचारलं.

"कुठलं? वळणावरचं?" त्यानं ओठ पुढं काढून हिशेब केला. "वीस तरी. जात टणक आहे. माझी नोकरी संपेल, त्याची नाही संपायची."

"वीस."

"का? घेऊन जायचंय का घरी?"

"नाही. विचारलं आपलं."

"ताई, तोंड उतरलंय तुमचं. बसा जरा, पाणी घ्या."

मी पाणी घेतलं. त्याच्या टेबलावर नोंदवही उघडी होती. गेल्या आठ महिन्यांचे रविवार, त्यांत माझी सही, एकीखाली एक. पुढची पानं कोरी होती. कोरी पानं असतातच, पण मी ती बराच वेळ बघत बसले. रविवारी पाचाच्या हिशेबानं चारशे सात वर्षभरातच यायचा; झाड वीस वर्षं म्हणत होतं, म्हणजे मधले बहुतेक रविवार रिकामे जाणार होते.

५

तो चौथा रविवार. एकशे चौऱ्याहत्तर ते एकशे अठ्ठ्याहत्तर.

त्या दिवशी वारा नव्हता. रानात एरवी काही ना काही चालू असतं, पानं, किडे, कुठं तरी पाणी. शाईच्या थेंबापाशी पोहोचेपर्यंत ते सगळं होतं. तिसरा फोटो झाला आणि मी पाठ केली, तशी ते थांबलं. खोलीचं दार कुणी हळूच लोटून घ्यावं, तसं.

टिकटिक सुरू झाली.

मी पेन्सिल वहीवर टेकवून उभी होते. चार. पाच. सहाव्याला माझ्या मागे, अगदी खाली, जमिनीलगत, श्वास ऐकू आला. वाकून बसलेल्या माणसाचा दाबलेला, नाकातून सोडलेला. मग खट्. मग गवत सुटल्याची सळसळ. आणि मग एक आवाज जो मी आयुष्यात हजारदा ऐकला आहे. गुडघ्यावर हात ठेवून कुणी तरी उठलं. गुडघा कट्कन वाजला. "हं," असा उद्गार आला, दुखण्याचा नव्हे, काम झाल्याचा.

मी वळले नाही. मला वळता आलं असतं. पण हे नोंदवायला हवं की मी वळले नाही. मी मनात पन्नास मोजले, मग पानांचा आवाज परत आला, मग सामान गोळा केलं.

घरी आलेला क्रमांक होता एकशे एक्क्याण्णव. ठमीचे आकडे. मागचं झाड तसंच, आज होतं तसं. सालीवरचा पांढरा डागसुद्धा तोच.

६

हिशेब सोपा होता आणि तोच वाईट होता. एका रविवारी पाच. एकशे एकोणऐंशी ते त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी, मग एकोणनव्वद ते त्र्याण्णव. एकशे एक्क्याण्णव तिसऱ्या रविवारी येत होता. म्हणजे तीन आठवड्यांच्या आत कधी तरी पेन्सिल माझ्या हातातून ठमीच्या हातात जाणार होती.

मी जे केलं ते माझ्यासारखीच बाई करेल. एकशे एकोणऐंशी काढायचाच नाही असं ठरवलं. तो नाही तर एक्क्याण्णव कुठून येणार? कॅमेरा कपाटात ठेवला. दोन रविवार घरी बसले. ऑपरेशनचं नाव काढलं नाही. दवाखान्यातून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा मी म्हणाले, दुकानात गर्दी आहे.

दुसऱ्या रविवारी ठमीचा फोन आला.

"आई, तू घरी? आज? तुझी फुलं संपावर गेली की काय?"

"कंटाळा आला."

"तुला? तू कंटाळ्याचीसुद्धा नोंद करून ठेवशील, वेळ घालून. काय झालंय?"

"काही नाही. तू जेवलीस?"

"विषय बदलू नकोस."

"भाजी लागतेय गं, ठेवते," मी म्हणाले. गॅसवर काहीच नव्हतं.

सोमवारी दुकानात एका फ्रेमचा स्क्रू फिरवताना माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. स्क्रू पडला. तो मला जमिनीवर दिसत होता, पण चिमटीत येत नव्हता. शेवटी मी ओल्या कागदानं उचलला. मालकांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

७

बुधवारी दुकान बंद असतं. मी दुपारी टेबलापाशी बसून ते चारही फोटो पुसून टाकायचं ठरवलं. पुसण्याआधी शेवटचं बघावं म्हणून पहिला, चारशे सातचा उघडला.

इथं माझी एक चूक मला लिहून ठेवायची आहे. इतके आठवडे मी या फोटोंत चिठ्ठी वाचत होते, झाड मोजत होते. फोटो असा पाहिलाच नव्हता. काच तपासतानाही माझं असंच होतं, आधी नंबर बघते, काच मागाहून.

मी तो मोठा केला आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात केली, ओळीनं, काच तपासतात तशी. वरचा डावा कोपरा, पानं. मध्ये, शेवाळलेला ढिगारा. उजवीकडे चिठ्ठी, आणि चिठ्ठीच्या कडेला एक अंगठा, नखावर रंग. ठमीचा. थोडा जाड झालेला, पण तिचाच. मग खालचा डावा कोपरा.

फुलाच्या पुढ्यात गवताचं एक उंच पातं होतं. ते फुलावर आलं असतं, पण कुणी तरी ते बाजूला धरलं होतं. चौकटीच्या अगदी काठावर, अर्धा कापला गेलेला एक डावा हात. म्हातारा. मनगटावर तपकिरी ठिपके, वर आलेल्या निळ्या शिरा. कातडीला कागदाला पडतात तशा बारीक चुण्या.

लॅपटॉप मिटावासा वाटला. पण नजर त्या बोटांवर अडकली.

गवताचं पातं साधारण माणूस चिमटीत धरतो, पसरट बाजूनं. या हातानं ते कडांनी धरलं होतं. अंगठा एका धारेला, मधलं बोट दुसऱ्या धारेला, आणि तर्जनी उचललेली, कशालाही लागू नये म्हणून. काच अशी धरतात. तीस वर्षं डाव्या हातात काच आणि उजव्या हातात स्क्रू फिरवायचं हत्यार धरून बसलेलं माणूस पुढं कपबशी, चिठ्ठी, काहीही असंच धरतं. ठमी लहानपणी नक्कल करायची माझी, पोळी अशी धरून.

मी माझा डावा हात पडद्याशेजारी नेला. त्यावर ठिपके नव्हते. अजून नव्हते.

मग बाकीचे तीन पाहिले, ओळीनं. तीनशे बावन्नमध्ये बोटांची टोकं. दोनशे सहासष्टमध्ये फक्त एक सावली, वाकलेली. एकशे एक्क्याण्णवमध्ये हात नव्हता. पण तळाशी, गवतात, एका चपलेचं टोक होतं. मी ते खूप वेळ बघत होते. चप्पल माझी होती. पायात होती.

हे काय आहे, मला माहीत नाही. शक्यतांचा कागद मी पुन्हा घेतला आणि त्यावर काहीच लिहिलं नाही.

८

"ठमे, काम आहे का?"

"कचेरीत आहे. बोल."

"बाहेर येऊन बोल."

तिनं दार लोटल्याचं ऐकू आलं. मी सांगितलं. गाठ, नस, बोटं, सगळं, क्रमानं. ती म्हणाली, "किती दिवस झाले?"

"सहा आठवडे."

"सहा आठवडे! आणि मला भाजी लागतेय म्हणून सांगतेस? आई, तू... तू ना, एक नंबरची..." पुढचा शब्द तिला सापडला नाही. रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "बाबांसारखं झालं तर?"

सहा आठवडे मी हाच प्रश्न कुणी विचारू नये म्हणून जपत होते. तो एवढा लहान असेल असं वाटलं नव्हतं.

"नाही होणार," मी म्हणाले.

"तुला काय माहीत?"

"उजवा हात जाईल बहुतेक. लिहायचा. बाकी मी राहीन."

"हे कोण म्हणालं? डॉक्टर?"

"नाही. ये तू. मग बोलू."

संध्याकाळच्या आत मी दवाखान्यात फोन केला. डॉक्टरांनाच द्या म्हणाले. "सगळ्यात जवळची तारीख कुठली आहे?"

"मागच्या महिन्यातली," डॉक्टर म्हणाले. "ती तुम्ही घालवलीत. आता शुक्रवार देतो. हाताचं सांगितलंय ते लक्षात आहे ना?"

"आहे. घ्या."

९

हा भाग मी सांगते आहे आणि ठमी लिहिते आहे. 'ठमी' लिहायला तिचा विरोध आहे. माणसाला खरं नाव असतं, असं तिचं म्हणणं. मी म्हणाले, वही माझी आहे.

शुक्रवारी सकाळी आठला मला आत नेलं. दिव्यांची भीती वाटली. खोटं कशाला सांगू, फोटोत दिसलेलं सगळं त्या क्षणी मला माझ्याच मनाचं सोंग वाटलं. आत जाण्याआधी मी चपला ठमीच्या हातात दिल्या होत्या, आणि संध्याकाळी लागतील असं म्हणाले नाही.

दुपारी जाग आली. डॉक्टर म्हणाले, "बोटं हलवा." अंगठा हलला. तर्जनी थोडी. बाकीची तीन नुसती पडून होती, दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी. गाठ सबंध निघाली होती. पुढं औषधं आहेत, तपासण्या आहेत, वर्षभर तरी. डॉक्टरांना आशा आहे. ती ते मोजून देतात, पण देतात.

आज दहावा दिवस. खिडकीशी खुर्ची आहे, तिच्यावर ठमी बसली आहे, मांडीवर वही. मी पहिल्यापासून वाचायला सांगितलं, मग हा भाग सांगायला लागले. पाचव्या भागापाशी तिनं वाचताना एकदा मागे वळून दाराकडे पाहिलं. सातवा संपल्यावर तिनं वही मिटली.

"आई, हे खरं आहे?"

"मी वहीत खोटं लिहीत नाही."

"मग दाखव मला. तो चारशे सातवाला. लॅपटॉप आणलाय मी."

"दाखवीन."

"कधी?"

मी एकावन्न वर्षांची आहे. "एकाहत्तर पूर्ण झाली की," मी म्हणाले. "तोवर तूच काढशील तो. लिही, काय बघतेस?"